घोटलेला कोपरा

चुंबक म्हटलं की लोक लोखंडाकडे बघतात. जरा शिकलेले असले तर तांब्याकडे बघतात. पण तांब्याच्या एका वेढ्यात आणि दुसऱ्या वेढ्यात काय असतं, हे मला आजवर कुणी आपणहून विचारलेलं नाही. त्यामुळे ते मीच सांगत सुटतो, आणि घरचे एकमेकांकडे बघून म्हणतात, झालं यांचं सुरू. होऊ दे. पन्नासच्या दशकात पुण्याच्या एका प्रयोगशाळेत जे मोठं चुंबक उभं राहिलं, त्याच्या पोटात आमच्या जुन्नरच्या घरचा कागद होता. याचा मला गर्व आहे, आणि या वयात तो लपवायचे कष्ट मी घेणार नाही.

आम्ही जुन्नरचे कागद करणारे मुसलमान. घरात दख्खनी बोलायचो, पण कागदाची गोष्ट निघाली की अब्बा-अम्माच्या तोंडून मराठीच निघायची, कारण कच्चा माल देणारे आणि तयार माल नेणारे सगळे मराठी बोलणारे. आमचा कच्चा माल म्हणजे दुसऱ्यांनी टाकून दिलेला माल. निमगाव सावा आणि ओतूरकडच्या विहिरींवर मोटेचे झिजलेले नाडे मिळायचे. घोडेगाव आणि मंचरच्या बाजारातून फाटकी गोणपाटं यायची. ते सगळं तोडायचं, चुन्यात भिजवायचं, कुटायचं, कुकडीच्या पाण्यात धुवायचं आणि तो लगदा हौदात कालवायचा. मग अब्बा गवताच्या काड्यांची चटई ताणलेला, एका बाजूला मूठ असलेला साचा हौदात बुडवून वर उचलायचे. पाणी गळून जायचं आणि चटईवर दुधाच्या सायीसारखा एक ताव उरायचा. तो भिंतीला चिकटवून वाळवायचा.

इथपर्यंत काम अब्बांचं. इथून पुढे अम्माचं.

वाळलेल्या तावाला अम्मा गव्हाची खळ द्यायची. खळ म्हणजे पिठाची पातळ कांजी, ती दिली नाही तर शाई कागदात पसरते. खळ वाळली की ताव उतरत्या फळीवर ठेवून ती अकीक दगडाने घोटायची. तो दगड लिंबाएवढा होता आणि तिच्या सासूच्या हातातून तिच्या हातात आला होता. ती घोटायला बसली की घरात एकच आवाज असायचा, एका लयीत, आणि मधूनच तो थांबला की समजायचं, ताव उलटला. तिने घोटलेल्या कागदावर बोरू लोण्यातून जावा तसा जायचा. लग्नाच्या याद्या, पत्रिका, जमिनीचे कागद असं जे जे टिकायला हवं, ते लोक आमच्या कागदावर लिहायचे.

आमच्या घराची एक रीत होती. अम्मा पूर्ण ताव घोटायची, पण एका कोपऱ्यात अंगठ्याएवढी जागा तशीच सोडायची. तिथे खळही लावायची नाही. गिऱ्हाइकाने अंगठा ओला करून त्या कोपऱ्यावर दाबायचा आणि आतला धागा बघून घ्यायचा. "वरची चमक कुनी बी आनंल," अब्बा म्हणायचे, "आत काय हाय ते दावायला हिंमत लागती." हे वाक्य ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचे. दुसऱ्यांदा आलेल्यालाही.

पण गिऱ्हाईकच कमी होत चाललं होतं. गिरणीचा कागद आला आणि आमच्या गल्लीतले हौद एकेक करून कोरडे पडले. कुणी हौदात कोंबड्या ठेवल्या, कुणी त्यावर फळी टाकून दुकान मांडलं. ओला राहिला तो आमचाच. आणि मी, त्या घरातला एकुलता एक मुलगा, पुण्याला जाऊन मोटारींचं वाइंडिंग शिकलो आणि प्रयोगशाळेत तांब्याच्या कॉइली गुंडाळायच्या नोकरीला लागलो. अब्बा माझ्याशी भांडले नाहीत. कुणी विचारलं की एवढंच सांगायचे, "पोरगं तारा गुंडाळतंय." ते ज्या सुरात सांगायचे त्यापेक्षा दोन थपडा परवडल्या असत्या.

आता चुंबकाकडे येतो.

प्रयोगशाळा म्हणजे खरं तर एक लांबलचक शेड होती, वर पत्रे आणि खाली सिमेंट. तिचे प्रमुख एक डॉक्टरसाहेब होते, सडपातळ, नेहमी एकाच करड्या स्वेटरमधले. त्यांना इथे, आपल्या देशात, आपल्या हातांनी शक्तिमान चुंबक उभं करायचं होतं. दोन लोखंडी तोंडं समोरासमोर, मधे बोटभर फट, आणि त्या फटीत एवढं जबरदस्त चुंबकीय क्षेत्र की एरवी मुके राहणारे पदार्थही तिथे बोलायला लागतील. हे शब्द त्यांचेच. त्यांच्या टेबलावर घाटघरच्या बाजूचे काळे दगड असायचे, नाणेघाटाच्या कड्यांतून आणलेले. मला त्यांचं हसू यायचं, कारण असले दगड आमच्याकडे पायाला लागतात. एकदा त्यांनी मला समोर बसवून सांगितलं की हा दगड कधीकाळी वितळलेला रस होता. थिजताना त्यातल्या लोहाच्या कणांनी त्या वेळची उत्तर दिशा धरून ठेवली, आणि ती अजून सोडलेली नाही. पण ते कण नक्की कसले आहेत, त्यांच्या साक्षीवर विश्वास ठेवायचा की नाही, हे तपासायला जबर चुंबक लागतं. त्या दिवसापासून मी कॉइल गुंडाळताना जरा ताठ बसायला लागलो.

कॉइल गुंडाळायची तांब्याच्या रुंद पट्टीची. एक वेढा दुसऱ्याला टेकला की कॉइल बाद, म्हणून मधे कागदाची पट्टी घालत जायची. मग सगळी कॉइल लाखेच्या व्हार्निशमध्ये बुडवून भट्टीत भाजायची. त्यासाठीचा खास कागद परदेशातून मागवला होता. तो आला, पण वाटेत पाण्यात भिजून त्याचा लगदा झालेला. दुसरा मागवायचा तर वर्षाची निश्चिंती. डॉक्टरसाहेब त्या भिजक्या गठ्ठ्याकडे बघत उभे होते, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, कागद आमच्या घरी होतो."

आमचा मोठा मिस्त्री ओतूरकडचा, जिभेला हाड नसलेला. तो म्हणाला, "ऐका पावणं काय म्हन्त्यात! पत्रिकेच्या कागदावर चुंबक बांधू आनि मुहूर्त बी काढू." सगळे हसले. डॉक्टरसाहेब हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "कशापासून करता?" मी सांगितलं, तागाच्या जुन्या नाड्यांपासून. "धागा लांब राहतो?" म्हटलं, आमचा ताव फाडायला दोन माणसं लागतात. ते म्हणाले, "घेऊन या."

मी जुन्नरला गेलो. अब्बांना म्हणालो, सरकारी प्रयोगशाळेला कागद हवा आहे, पातळ आणि मजबूत, खास चुंबकासाठी. अब्बांनी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. उठले, बाहेर गेले, आणि तासाभराने अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं की आमच्या हौदाचा कागद सरकारच्या चुंबकात जाणार.

इथेच आमची चूक झाली, आणि ती आमच्यासारख्याच माणसांच्या हातून होऊ शकते. कागद कसला हवा, हे मी अब्बांना सांगितलं नाही, कारण मलाच वेगळं काही सुचलं नव्हतं. मी जन्मापासून कागद पाहत आलो होतो, आणि आमच्या घरी कागद म्हणजे खळ दिलेला, घोटलेला. सरकारचं काम म्हणून अब्बांनी अम्माला दोनदा खळ द्यायला लावली. अम्माने प्रत्येक ताव दोन्ही बाजूंनी घोटला. हाताला फोड आला तर चिंधी बांधून घोटला. एवढी चमक मी आमच्या घरात कधी पाहिली नव्हती. प्रत्येक तावाचा एक कोपरा तेवढा रीतीप्रमाणे कोरा सोडलेला. अब्बा गठ्ठा बांधताना म्हणाले, "सांग तुज्या साहेबाला, अंगठा वला करून बघा म्हनावं."

कॉइल झाली. देखणी झाली. मिस्त्रीसुद्धा दोन दिवस गप्प होता.

ज्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण करंट सोडला, त्या दिवशी दुपारी वास आधी मला आला. अम्मा खळ शिजवताना शेजारणीशी बोलत बसली की खळ पातेल्याच्या बुडाला लागायची, तो वास. क्षणभर मला वाटलं मी घरीच आहे. मग कळलं आणि मी ओरडलो, "बंद करा! करंट बंद करा!" मिस्त्री म्हणाला, "अरं, कॅन्टीनचा भात लागला असंल." मी त्याला बाजूला सारून स्वतः चाक फिरवलं आणि करंट उतरवला. डॉक्टरसाहेबांनी मला थांबवलं नाही. पुढल्या मिनिटाला कॉइलच्या बाजूने धूर निघाला. तेवढ्या वेळात करंट उतरला होता म्हणून तांबं वाचलं. नाहीतर तेही गेलं असतं.

आम्ही कॉइल उलगडली. आतून अब्बांचा कागद निघाला, काळा, ठिसूळ, हात लावला की चुरा. मिस्त्री काही बोलला असता तर मी त्याच्या अंगावर गेलो असतो, पण तो बोलला नाही, आणि ते जास्त लागलं. डॉक्टरसाहेब म्हणाले, "व्हार्निश आत गेलेलंच नाही. वरच राहिलं. आत ओल आणि हवा, मग भाजणारच."

मी खाली बसून पट्ट्या गोळा करत होतो. लाज वाटत होती म्हणून हातांना काम. गोळा करता करता एक पट्टी दिसली, सगळी जळलेली, पण एका टोकाला अंगठ्याएवढा तुकडा शाबूत. नुसता शाबूत नाही, मधासारखा तांबूस आणि चिवट. वाकवला तरी मोडेना. दुसरी पट्टी शोधली, तिसरी शोधली. जिथे जिथे अम्माने सोडलेला कोपरा आला होता, तिथे तिथे कागद जिवंत होता.

मी त्या पट्ट्या साहेबांसमोर टेबलावर मांडल्या आणि आमची रीत सांगितली. त्यांनी उरलेला एक ताव घेतला. घोटलेल्या भागावर व्हार्निशचा थेंब टाकला, तो अळवाच्या पानावर पाणी राहावं तसा वर राहिला. कोऱ्या कोपऱ्यावर टाकला, तो बघता बघता आत गेला. साहेबांनी ताव उलटून थेंब मागे उतरलेला बघितला. मग म्हणाले, "मला एवढाच कागद हवा होता. हा कोपरा. पूर्ण ताव असा मिळेल? खळ नाही, घोटाई नाही, चुन्याचा अंशही नाही, तो ओल धरतो आणि करंट गळतो."

तांब्याची पट्टी सोलून, घासून पुन्हा एकदा गुंडाळता येणार होती. तिसऱ्यांदा वाकवली तर ती चिरली असती. म्हणजे आणखी एकच संधी. हे साहेबांनी मला स्पष्ट सांगितलं, आणि मी ते तसंच घेऊन जुन्नरच्या एसटीत बसलो. त्या प्रवासाचं मला काहीच आठवत नाही. नारायणगावला गाडी थांबली तेव्हा शेजारच्या माणसाने विचारलं, कुणी गेलं का?

अब्बा हौदापाशीच होते. मी सांगितलं, कागद जळला. त्यांनी साचा पाण्यातून काढला, बाजूला ठेवला आणि हात पुसले. पुसलेले हात पुन्हा पुसले. मग मी पुढचं सांगितलं, खळ नको, घोटाई नको, तसाच कोरा कागद हवा.

"तसाच?" अब्बा म्हणाले. "बिनघोटलेला कागद म्हंजी काय? त्यात मिसरी बी कुनी बांधून न्हेनार न्हाई. आमच्या घरातनं आजपत्तुर तसला ताव भाईर पडला न्हाई."

"अब्बा, त्यांना तसाच लागतो."

"मग त्यांनी गिरनीतनं आनावा. एकदा नाक कापलं, लई झालं. उद्या तो नागडा कागद बी जळला, तर मी या गल्लीत तोंड दावू का? त्यापरीस आजच हौद रिकामा करतो."

ते रागात बोलणारे नव्हते. शांतपणे बोलले, आणि हौदाच्या बुडाशी पाणी सोडायचं एक लाकडी बूच होतं, तिकडे बघितलं. मला कळलं की ते खरंच काढतील. गल्लीतला शेवटचा हौद माझ्यामुळे कोरडा पडणार होता. आणि जळालेला कागद माझ्याच पिशवीत होता.

अम्मा दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "दाव बगू मला."

मी पट्टी दिली. तिने ती उजेडात धरली, जळालेल्या भागावरून बोट फिरवलं, आणि बोटाला लागलेली काजळी बघितली. मग शाबूत टोक दोन बोटांत धरून वाकवलं. तिच्या हाताचा फोड अजून पुरता बरा झाला नव्हता.

"कागद तुमचा न्हाई जळला," ती अब्बांना म्हणाली. "जळली ती माजी खळ आन् माजी घोटाई. कागद ह्यो बगा, हाय तसा हाय."

अब्बांची नजर अजून बुचावरच होती.

"जलमभर लोकास्नी सांगता, आत काय हाय ते बगा. आज एक जन आला आन् म्हनाला, मला आतलंच द्या. तर तुमी हौद रिकामा करता व्हय?"

मी तेवीस वर्षं अम्माला ओळखत होतो, तोवर तिला अब्बांशी असं बोलताना ऐकलं नव्हतं. आणि हे बोलताना ती स्वतःचंच काम मोडीत काढत होती, हे त्या वेळी माझ्या डोक्यात आलंच नाही. मी नुसता सुटकेने खाली बसलो. अब्बांनी पट्टी तिच्या हातातून घेतली, शाबूत टोकावर अंगठा दाबून बघितला. शेवटी साचा उचलून म्हणाले, "पर हा जळला तर मग बूच मीच काडनार. मग कुनी मधी बोलायचं न्हाई."

असं ठरलं. म्हणजे दुसरी कॉइल टिकली तर हौद टिकणार, नाहीतर नाही.

चुना घालवायचं काम सर्वांत जिकिरीचं निघालं. नेहमी लगदा तीन-चारदा धुतला की भागायचं. या वेळी चुन्याचा अंशही नको, पण तो अंश दिसणार कसा? साहेबांनी तपासायला चुन्याने रंग बदलणारे कागदाचे तुकडे दिले होते, ते मी गडबडीत पुण्यालाच विसरलो होतो. अम्मा म्हणाली, त्याला कशाला तुकडे, हळद हाय की. धुतलेलं पाणी वाटीत घ्यायचं आणि हळदीची चिमूट टाकायची. चुना असला तर हळद लाल होते. मी आणि अब्बा कुकडीच्या पाण्यात गुडघाभर उभे राहून लगदा धूत होतो, आणि अम्मा काठावर वाटी घेऊन बसली होती. "लाल," ती म्हणायची, की आम्ही पुन्हा धुवायचो. "अजून लाल." अब्बा कुरकुरायचे, "रंगपंचमी चाललीय." तिसऱ्या दिवशी वाटीतली हळद हळदीसारखी पिवळीच राहिली. पुढे हे मी साहेबांना सांगितलं तेव्हा ते एवढे खूश झाले की आल्यागेल्या प्रत्येकाला सांगायचे.

ताव वाळत होते तेव्हा अम्माने मला विचारलं, "पट्ट्या कापताना समदा ताव कामाला येतो का रं?"

म्हटलं, नाही, एका कडेचं दोन बोटं उरतं. ते टाकतो.

"कंची कड?"

"साच्याच्या मुठीकडची. का गं?"

"काय न्हाई, आसंच," ती म्हणाली. मला वाटलं, ते कातरण परत हौदात घालायचा तिचा विचार असेल. काटकसरीत तिचा हात कुणी धरत नव्हतं.

अब्बांनी गठ्ठा या वेळी बांधला तो न बोलता. मी एकटा घेऊन जातो म्हटलं तर म्हणाले, तू हो फुडं, कॉइल झाली की कळव, मी येतो.

पुण्यात मी पहिला ताव कापायला घेतला. खिडकीतून ऊन येत होतं. ताव खरखरीत, मातकट, अब्बा म्हणाले तसा नागडा. आणि मुठीकडच्या कडेच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढी जागा चमकत होती.

दुसरा ताव घेतला, तिथेही. तिसरा, चौथा. प्रत्येक तावाचा तेवढाच एक कोपरा खळ देऊन घोटलेला होता. मला अम्माचा असा राग आला की काय सांगू. एवढं समजावून सांगितलं, सगळी मेहनत, हौद, अब्बांचा शब्द, आणि हिने हे करून ठेवलं! मी फूटपट्टी लावून मोजलं. मोजल्यावर हातातली पट्टी तशीच खाली ठेवली. चमक त्या टाकायच्या दोन बोटांच्या आतच होती. एकाही तावावर ती रेषेच्या बाहेर गेली नव्हती.

मी कापत गेलो आणि ते कोपरे बिस्किटांच्या एका रिकाम्या पत्र्याच्या डब्यात टाकत गेलो. मिस्त्रीने विचारलं, हे काय जमवतोस? म्हटलं, काही नाही, कचरा.

कॉइल झाली तेव्हा अब्बा आले. धुतलेला सदरा, डोक्यावर नवी टोपी. डॉक्टरसाहेबांनी त्यांना खुर्ची दिली, पण ते बसले नाहीत. साहेबांनी सांगितलं, अंगावर लोखंडाचं काही असेल तर बाहेर ठेवा. अब्बा म्हणाले, आमी कागदवाले, आमच्याकडं कुटलं लोखंड. करंट सुरू झाला. कॉइल थंड ठेवणारा पाण्याचा पंप घुमत होता, काटा चढत होता, बाकी काहीच घडत नव्हतं. अब्बा माझ्या कानाशी म्हणाले, "झालं का चालू?" आणि जरा बघावं म्हणून एक पाऊल पुढे गेले. तोच त्यांच्या कमरेच्या चंचीतून अडकित्ता निसटला, हवेतून गेला आणि लोखंडी तोंडावर खाडकन जाऊन बसला. मग मिस्त्री म्हणाला, "घ्या राव, चुंबकाला सुपारी पायजे!" आणि साहेबांसकट सगळे हसायला लागले. अब्बा हसले नाहीत. ते वास घेत होते.

मीही घेत होतो. आम्ही दोघं बापलेक दिवसभर नाक वर करून त्या शेडमध्ये उभे होतो. दुपारी पूर्ण करंट दिला, मागच्या खेपेपेक्षा जास्त वेळ. शेवटी साहेबांनी मुद्दाम करंट एकदम तोडला, कारण तेव्हाच कागदाची खरी परीक्षा असते, त्या झटक्याने कच्चा कागद भेदला जातो. मी डोळे मिटले. तापलेल्या लाखेचा मंद वास होता, तेवढाच. साहेब कॉइलवर हात ठेवून म्हणाले, "बाबा, तुमचा कागद उभा राहिला."

त्या चुंबकावर पुढे खूप काम झालं. घाटघरच्या दगडांतले कण त्याच फटीत तपासले गेले आणि त्यांची साक्ष खरी ठरली. त्या दगडांवरून पृथ्वीच्या पोटातलं चुंबक पूर्वी कसं होतं याचा विचार करणारी पोरं तिथे शिकली, आणि देशात ठिकठिकाणी गेली. दुसऱ्या प्रयोगशाळांनीही आमच्याकडून कोरा कागद नेला. अब्बा असेपर्यंत हौद ओला राहिला. गल्लीत ते आता वेगळंच सांगायचे, "पोरगं चुंबक करतंय. कागद आमचा."

पण त्या दिवशी, सगळं आटोपल्यावर, अडकित्ता चंचीत परत घालताना अब्बा जरा उदास दिसले. म्हणाले, "चांगलं झालं. पर आता त्यो कागद आपल्या घरचा हाय, हे कुनाला कळायचं? खून ऱ्हायली न्हाई."

मी टेबलाखालून बिस्किटांचा डबा काढून त्यांच्यापुढे उघडला. त्यांनी एक कोपरा उचलला. नेहमी अंगठा ओला करून बघा म्हणायचे, आज कोरडाच अंगठा त्या चमकेवरून हळूच फिरवला. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. पण कुणाचा हात आहे हे त्यांना सांगावं लागलं नाही. डबा त्यांनी माझ्याकडे परत दिलाच नाही, जुन्नरच्या एसटीत माझ्याशेजारी मांडीवर घेऊन बसले.

घरी पोचल्यावर त्यांनी तो अम्माच्या फळीवर, तिच्या दगडाशेजारी ठेवला आणि पाणी प्यायला आत गेले. अम्माने झाकण उघडलं. एकेक कोपरा उचलून बघितला. पुण्याला काय झालं, चुंबक चाललं का, जळलं का, हे तिने अजून विचारलंही नव्हतं.

"टाकलं न्हाई व्हय रं?" ती म्हणाली.

नाही टाकलं, अम्मा. अजूनही नाही.